‘काठी’ची चौथी नोंद: शंकेची पाल उशिरा चुकचुकली

तिसऱ्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या ऐटीत लिहिले होते की खेळ एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, कुठेही अडखळत नाही आणि आता फक्त कॅसेट बनवायची राहिली आहे. त्या ‘फक्त’ने माझे अडीच महिने खाल्ले. यातला बराचसा काळ एका चुकीच्या गृहीतकापायी गेला, आणि ते गृहीतक भारतात बसून या जुन्या व्हिडिओ गेम यंत्रासाठी खेळ लिहिणाऱ्या कोणाच्याही मनात सहज घर करील असे असल्याने ते सविस्तर सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर ‘काठी’ हा खेळ निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमसाठी आहे. खरे म्हणजे तो फॅमिकॉमच्या त्या नकलांसाठी आहे, ज्या नव्वदच्या दशकात आपल्या घरांत ‘व्हिडिओ गेम’ याच नावाने आल्या आणि ज्यांच्या साठ पिनांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे बेधडक छापलेले असे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, तोल सांभाळत मिरवणुकीतून पुढे न्यायचा, एवढाच खेळ आहे. प्रोग्रामला ३२ किलोबाइट आणि चित्रांना ८ किलोबाइट, अशा एकूण ४० किलोबाइटांत तो बसवायचा आहे. २०१९ मधला ‘मायक्रो मेजेस’ हा होमब्रू, म्हणजे जुन्या यंत्रासाठी हौशीने नव्याने लिहिलेला, खेळ नेमका एवढ्याच जागेत चौघांना एकत्र खेळू देतो, हे आठवले की जागा अपुरी पडते अशी तक्रार करण्याची सोय उरत नाही.

आता ती चूक. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रे दाखवणारे; तेव्हा आपल्याकडे विकले गेलेले यंत्रही पालचेच असणार, असे धरून मी एम्युलेटरमध्ये पहिल्या दिवसापासून ‘पाल’ निवडले होते. निन्टेन्डोच्या युरोपातल्या पाल यंत्रात एक चित्र रंगवून झाल्यावर चित्रांची चिप जी विश्रांती घेते, म्हणजे व्हीब्लँक, ती पडद्याच्या ७० ओळी रंगवण्याच्या वेळेइतकी असते. पडद्यावरच्या टाइल, म्हणजे चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे, बदलण्याचे काम याच विश्रांतीत उरकावे लागते, आणि ७० ओळी म्हणजे प्रोसेसरची जवळजवळ ७,४६० आवर्तने (घड्याळाचे ठोके), अर्थात ऐसपैस अंगण. शोभेच्या दारूकामाच्या दृश्यात मी एकाच विश्रांतीत आकाशातल्या टाइलांच्या सात ओळी, म्हणजे २२४ टाइल, बदलत होतो. साध्या लूपमध्ये एका टाइलला १५ आवर्तने लागतात, म्हणजे ३,३६० झाली. स्प्राइटांची, म्हणजे पडद्यावर सुट्या हलणाऱ्या आठ पिक्सेल रुंद चित्रांची, यादी चिपला पोहोचवण्याची आणखी सुमारे ५१४ धरली तरी निम्मे अंगण मोकळेच राहत होते.

मंगळवार पेठेतल्या एका भंगारवाल्याकडून घेतलेल्या यंत्रात कॅसेट घातली तेव्हा पहिली दोन दृश्ये व्यवस्थित आली, आणि दारूकाम सुरू होताच आकाशातल्या टाइल रस्त्यावर येऊन पडल्या आणि संपूर्ण पडदा दर दोन-चार चित्रांनी वर उडू लागला. मी आधी कॅसेटमधल्या सोल्डरच्या डागांना दोष दिला, मग कनेक्टर स्पिरिटने पुसला, मग अडॅप्टर बदलला. शेवटी यंत्राचा डबा उघडला आणि प्रोसेसरवर ‘यूए६५२७पी’ ही अक्षरे वाचली, तेव्हा कुठे शंकेची पाल चुकचुकली. इतके दिवस ती एम्युलेटरच्या मेनूत निवांत बसून होती.

ही तैवानी चिप निन्टेन्डोच्या पाल यंत्राची नक्कल नाही. जपानी आणि अमेरिकी खेळ ५० चित्रांच्या टीव्हीवर फारसे न बिघडता चालावेत, हा तिच्या रचनेमागचा हिशेब आहे. म्हणून एका चित्रातल्या ओळी पालप्रमाणे ३१२ ठेवल्या असल्या तरी वाढीव ओळी विश्रांतीचा इशारा मिळण्याच्या आधीच खर्ची टाकल्या आहेत. इशारा मिळाल्यावर हाती उरतात त्या जपानी यंत्राइतक्याच २० ओळी, म्हणजे सुमारे २,२७० आवर्तने. माझे काम ३,८७४ आवर्तनांचे होते. उरलेले लिखाण चिप पुढचे चित्र रंगवत असतानाच तिच्या हातातल्या मेमरीच्या पत्त्यावर जाऊन आदळत होते, त्यामुळे तिचाही गोंधळ होत होता. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या ‘डेंडी’ या नकलेची रचना अशीच असल्याने एम्युलेटरांत हा प्रकार ‘डेंडी’ याच नावाने सापडतो. मेसेन या एम्युलेटरमध्ये पाल सोडून डेंडी निवडले आणि जो बिघाड पाहायला मला जिना उतरून मामांच्या डबा टीव्हीपर्यंत जावे लागत होते, तो जसाच्या तसा लॅपटॉपवर दिसला. इतका आनंद मला खेळ चालल्यावरही झाला नव्हता.

उपाय साधा निघाला. एका विश्रांतीत दोनच ओळी बदलायच्या आणि सात ओळींचे काम चार चित्रांत वाटून द्यायचे. आता एका वेळचा खर्च १,४७४ आवर्तनांचा आहे आणि आकाश पूर्ण बदलायला ८० मिलिसेकंद लागतात. गंमत म्हणजे दारूकाम त्यामुळे अधिक खरे वाटते, कारण ठिणग्या वरून खाली टप्प्याटप्प्याने विझत येतात.

त्याच गृहीतकाने संगीतही बिघडवले होते. स्वरांचे कोष्टक मी पाल यंत्राच्या १.६६ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळावर मांडले होते आणि या नकलेचे घड्याळ १.७७ चे आहे; त्यामुळे पांढरी एक या पट्टीत बांधलेली चाल काळी एकच्याही किंचित वर चढून वाजत होती. कोष्टक बदलून ते जुळले, पण सनईचा आवाज तरीही सनईचा होईना. तो पोकळ आणि जाड येत होता, जणू कोणी पुठ्ठ्याच्या नळीत तोंड घालून गुणगुणत आहे. या नकलांमध्ये आवाजाच्या चौकोनी लहरीच्या २५ आणि ५० टक्के या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असते, ही गोष्ट मला वाचून ठाऊक होती. माझ्या टेबलावरच्या यंत्रालाही ती लागू असेल, हे मात्र सुचले नव्हते. दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर सारखीच वाजेल अशी १२.५ टक्क्यांची रुंदी शेवटी घेतली. ती बारीक, नाकातून आल्यासारखी वाजते आणि माझ्या कानाला सनईच्या अधिक जवळ वाटते. हलगी नॉइज, म्हणजे खरखरीच्या, चॅनेलवर आहे. तिच्याविषयी तूर्त तक्रार नाही.

काठ्यांविषयी मात्र पुष्कळ लिहिण्यासारखे आहे. यात्रेत मानाच्या काठ्या सात, आणि हे यंत्र एका आडव्या ओळीत आठ स्प्राइट दाखवते. हे गणित पहिल्यांदा सुचले तेव्हा सिद्धरामेश्वरांनीच सोय करून ठेवली आहे असे मला वाटले होते. पण काठीखाली ती पेलणारा माणूस असतो, त्याची पांढरी बाराबंदी १६ पिक्सेल रुंद काढावी लागते, आणि सात जण शेजारी उभे राहिले की एका ओळीत १४ स्प्राइट होतात. शिवाय १२० पिक्सेल उंचीची काठी १६ पिक्सेल उंचीच्या स्प्राइटांनी काढली तरी तिला आठ लागतात आणि माणसाला चार. सातांचे मिळून ८४ होतात, तर यंत्राकडे एकूण ६४ आहेत. अशा वेळी स्प्राइटांचा क्रम दर चित्राला फिरवून त्यांना आळीपाळीने लुकलुकू देण्याचा रिवाज आहे, पण ५० चित्रांच्या टीव्हीवर ते लुकलुकणे डोळ्यांना फार जाणवते, आणि मानाची काठी क्षणभर का होईना नाहीशी व्हावी हे मला पटेना. त्यामुळे मिरवणुकीत काठ्या एकामागून एक चालतात आणि पडद्यावर एका वेळी दोनच येतात. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहाच्या, दृश्यात पडदा सरकत नसल्याने संमती कट्ट्यासमोरच्या सहा काठ्या पार्श्वभूमीच्या टाइलांतच काढल्या आहेत, आणि खेळणाऱ्याची सातवी तेवढी स्प्राइटांची आहे.

तोल गेल्यावर काय दाखवायचे, हा प्रश्न मामांनी सोडवला. त्यांनी स्वतः तरुणपणी काठी पेललेली आहे. खेळ पाहताना ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “काठी खाली पडलेली तेवढी दाखवू नको बघ. बाकी काय करायचंय ते कर की.” तेव्हा आता तोल सुटू लागला की शेजारचा माणूस पुढे होऊन काठी हाती घेतो आणि खेळणाऱ्याची पाळी संपते. ‘गेम ओव्हर’ या पाटीचे टाइल त्यामुळे वाचले, हा वरचा नफा.

वाचलेल्या टाइलांत पहिल्या पडद्याची चादरीची किनार बसली. आमच्या गल्लीत एक निवृत्त नक्षीकार राहतात, ज्यांची हयात जकार्ड मागावरच्या चादरींसाठी आलेखाच्या कागदावर नक्षी भरण्यात गेली. त्यांना मी आठ बाय आठचा चौकोन, तीन रंग आणि एक सामाईक रंग, आणि १६ बाय १६ च्या घरात रंगांचा संच बदलायचा नाही, एवढे नियम सांगितले. त्यांना त्यात अडचण अशी काही दिसलीच नाही. “पंचकार्डात भोक असतं किंवा नसतं, तुमच्याकडे तर चार रंग आहेत,” असे म्हणून त्यांनी पेन्सिलीने मोराची अर्धी आकृती काढली आणि उरलेली अर्धी उलटी करून घ्या म्हणाले. पार्श्वभूमीच्या टाइल हे यंत्र उलट्या करू शकत नाही, हे सांगताना मला उगाचच ओशाळल्यासारखे झाले. त्यावर त्यांनी मोर मधूनच दुभंगेल असा न ठेवता समोरून पिसारा फुलवलेला काढला, ज्याचे मधले टाइल वर-खाली दोन्हीकडे चालतात. माझी बावीस टाइलांची किनार चौदांत आली.

कॅसेटविषयी थोडेच. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटींत चिपेच्या जागी काळ्या डांबरासारखा थेंब असतो, ज्याचा आपल्याला काही उपयोग नाही. अकरा कॅसेटी उघडल्यावर दोन सुट्या चिपांची एक मिळाली. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी त्या चिपा एकही पट्टी न उचकटता काढून दिल्या, आणि त्यांच्या जागी प्रोग्रामसाठी २७सी२५६ व चित्रांसाठी २७सी६४ बसवल्या. आडवे सरकणाऱ्या खेळाला बोर्डावरचा सोल्डरचा जो डाग एका बाजूला हवा, तो जुन्या खेळासाठी दुसऱ्या बाजूला होता हे मी तपासले नाही, आणि रस्ता सरकल्यावर पुढचा भाग येण्याऐवजी तेच घर पुन्हा पुन्हा येत राहिले. पाच मिनिटांचे काम, पण एक रविवार गेला.

प्रोग्रामच्या भागात आज १,१८० बाइट शिल्लक आहेत. ‘हर्र बोला हर्र’ हा जयघोष नमुन्याच्या, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्या, चॅनेलवर घालायचा आहे. तो सर्वांत चांगल्या दर्जात सेकंदाला चार किलोबाइटांहून अधिक मागतो आणि सर्वांत खालच्या दर्जात सुमारे अर्धा किलोबाइट. खालच्या दर्जात मामांच्या आवाजातले पहिले ‘हर्र’ घालून पाहिले, तर ते यंत्रमागाचा धोटा आपटल्यासारखे आले. आता दुसऱ्या ‘हर्र’वर काम चालू आहे.