दुपारी मंदावणारं मशीन

सकाळी अकरा मिनिटांत निघणारी फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) दुपारी पंचवीस मिनिटं घेते, अशी तक्रार घेऊन इंदूरच्या लोकमान्यनगरची एक मुलगी मे महिन्यात वडिलांबरोबर माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली. आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू करते, ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर, आणि रेंडर, म्हणजे चित्र तयार करण्याचं काम, सीपीयूवरच (प्रोसेसरवरच). मशीन बांधलं दुसरीकडे. तिथे तिला सांगितलं होतं, "प्रोसेसर गेलाय, या पिढीचं असंच असतं."

असं ठोकून देणाऱ्यांचा मला संताप येतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, हे खरं. २०२४ मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण त्या दोषात प्रोग्राम कोसळतात, निळा स्क्रीन येतो. सकाळी चांगलं आणि दुपारी हळू, असं त्यात होत नाही. शिवाय हिच्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तो दुरुस्त मायक्रोकोड आधीच होता.

प्रोसेसर आय७-१४७००के. आठ मोठे कोर, बारा छोटे. मोठे आठही तिने ५.६ गिगाहर्ट्झवर बांधून घेतले होते, म्हणजे ओव्हरक्लॉक, ठरलेल्यापेक्षा जास्त वेग, आणि पॉवर लिमिट, विजेची मर्यादा, काढून टाकली होती. रेंडर लावून एचडब्ल्यूइन्फो हे मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. सीपीयूचं तापमान ठीक, कारण कूलर ३६० मिलिमीटरचा, लिक्विड. तरी थोड्या वेळाने क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, धाडकन खाली आला आणि लिमिटच्या रकान्यात 'व्हीआर थर्मल अलर्ट' पेटलं. म्हणजे सीपीयू तापला नव्हता, त्याला वीज पुरवणारा मदरबोर्डचा भाग तापला होता.

हा भाग, व्हीआरएम, ग्राहकाला दिसतच नाही. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला हवे असतात सव्वा-दीडच्या मधले. या प्रोसेसरची अधिकृत कमाल मर्यादा २५३ वॅट. १.३ व्होल्टला हिशेब केला तर जवळपास १९५ अँपिअर होतात, आणि लिमिट काढल्यावर त्याहून जास्त. एवढा प्रवाह प्रोसेसर बसतो त्या सॉकेटशेजारच्या नखाएवढ्या चिप्समधून जातो; त्यांनाच पॉवर स्टेज म्हणतात. साध्या कूलरचा पंखा निदान थोडी हवा तिकडे फेकतो. लिक्विड कूलर लावला की सॉकेटभोवती वारा उरत नाही.

मी साइड पॅनल काढलं आणि टेबलफॅन सॉकेटच्या वरच्या कोपऱ्यावर धरला. क्लॉक परत वर चढला. फॅन बाजूला केला, पुन्हा पडला. मुलगी म्हणाली, "दादा, परत करा." परत केलं, परत तेच. आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

मग त्या चिप्सवरचा हीटसिंक, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, उतरवला. बाहेरून ऐटदार, चंदेरी रेघा, आत अॅल्युमिनिअमची पातळ पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकचं झाकण. चिप्सच्या वरच्या ओळीला तर हीटसिंकच नाही. बोर्डचा चिपसेट (कोणत्या सोयी चालतील ते ठरवणारी चिप) झेड७९०, म्हणजे ओव्हरक्लॉकची परवानगी आहे, पण तेवढं ओझं उचलायची ताकद नाही. लोक इथेच फसतात. चिपसेट फक्त कुलूप उघडतो. 'इतके फेज', म्हणजे व्हीआरएममध्ये वीज वाटून घेणाऱ्या शाखा, हा खोक्यावरचा आकडाही पुरेसा नाही. दोन-दोन चिप्स एकाच सिग्नलवर जोडूनही तो फुगवता येतो. मी बघतो ते प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरचा, हीटसिंकला खऱ्या खाचा आहेत का आणि सीपीयू पॉवरचे आठ पिनांचे सॉकेट दोन आहेत का. रिव्ह्यूवाले एसीच्या खोलीत मोजतात. आमच्या इंदूरात मेच्या दुपारी बाहेर चाळीसच्या वर असतं आणि तिच्या खोलीत हवा गार करणारा कूलरसुद्धा नाही.

तिच्या डीडीआर५ रॅमला चालेल असा, ९० अँपिअरचे स्टेज असलेला बोर्ड निवडला. रंगीत दिवे नाहीत, दिसायला काळा ठोकळा. लिक्विड कूलरचा रेडिएटर समोरून काढून वर लावला, म्हणजे हवा व्हीआरएमवरूनच बाहेर ओढली जाईल. पॉवर लिमिट २५३ वर परत बांधली. ओव्हरक्लॉकचा थोडा भाग त्यात गेला, तिला ते पटलं. भर दुपारी रेंडर लावला, तो सकाळच्याच वेळात निघाला.

बिल देताना काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विचारलं, "अहो, पहिला बोर्डही आम्ही खोक्यावरचं सगळं वाचूनच घेतला होता. मग आम्ही काय बघून घ्यायचं?"

मी पॉवर स्टेजचं सांगायला लागलो आणि त्यांचा चेहरा पाहून थांबलो. बँकेत हयात घालवलेला माणूस, एकेक कागद वाचणारा. वाचायला कागदच नसेल तर तो तरी काय करणार?

वितरकाकडून येणाऱ्या रेट लिस्टमध्ये मॉडेल, किंमत आणि वॉरंटी एवढंच असतं. मी आता प्रत्येक बोर्डापुढे अँपिअरचा आकडा पेनाने लिहून ती यादी काउंटरवर ठेवतो. स्वस्त बोर्डांपुढची बरीच जागा कोरी आहे, कारण तो आकडा कंपनीच्या साइटवरही सापडत नाही. काकांना मी त्याच यादीची झेरॉक्स दिली आणि कोरी जागा असेल तो बोर्ड घेऊ नका, असं सांगितलं.