आमची वाटचाल : कडीपाटापासून लोखंडी गॅलरीपर्यंत

वडील सुतार. वाई-सातारा भागातल्या जुन्या वाड्यांचे कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या (तुळया) आणि त्यांवरच्या फळ्या, बदलायचे, सज्जे दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. वाड्याचा सज्जा भिंतीला बाहेरून चिकटवलेला नसतो. माडीच्याच कड्या भिंतीवरून पुढे काढलेल्या असतात, खालून घोड्यांचा, म्हणजे भिंतीतून काढलेल्या टेकूंचा, आधार. बाहेरचं वजन आतली लांबी दाबून धरते.

वडिलांनंतर मी लोखंडी काम सुरू केलं, पण नियम तोच ठेवला: गॅलरी जेवढी बाहेर, त्याच्या निदान दुप्पट तुळई आत. चार फुटांची गॅलरी म्हणजे आत आठ फूट. गिऱ्हाईक नेमकं इथेच अडतं. "गॅलरी द्या, पण आतली फरशी फोडू नका." असं काम आम्ही घेत नाही. सुरुवातीला त्यामुळे बरीच कामं हातची गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण त्या गॅलरीत लोक मुलाबाळांसह उभे राहणार असतात.

पाहणीला गेलो की आधी आतल्या कड्यांची दिशा बघतो. त्या बाहेरच्या भिंतीला समांतर असतील तर पुढे काढताच येत नाहीत; आडव्या नव्या तुळया घालाव्या लागतात. तुळईचं आतलं टोक वर उचललं जाऊ पाहतं, म्हणून ते बोल्टने खाली जखडतो. लाकूड असेल तर भिंतीतून जाताना त्याच्याभोवती बोटभर पोकळी ठेवतो. हवा खेळली नाही तर कडी तिथेच कुजते, आणि बाहेरून काही दिसत नाही. फरशीला ढाळ बाहेरच्या बाजूला.

"आणखी एक फूटच तर वाढवायचंय," हे तर नेहमीचंच. तीनाचे चार फूट केले की तीच तुळई टोकाला तिपटीहून जास्त झुकते. भिंतीजवळचा ताण पावणेदोन पटींवर जातो. हे मी आता कागदावर काढून दाखवतो. नुसतं तोंडी सांगून पटत नाही.

आता पुतणी सिव्हिल इंजिनियर होऊन आमच्यात आली आहे. इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे घराच्या गॅलरीला चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरून ती हिशेब करते, खोलीला धरतात त्याच्या दीडपट. तिचा आराखडा आणि नगरपालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय आमचा माणूस भिंतीला छिन्नी लावत नाही.