अर्धवट अक्षर

न लिहिण्याची एक सबब फक्त ख्रिस्ती लेखकाकडे असते. बाकीचे बिचारे म्हणतात, मूड नाही, वेळ नाही, पाठ धरलीय. ख्रिस्ती लेखक शांतपणे म्हणतो, ‘अजून प्रभूकडून काही मिळालं नाही.’ यावर समोरच्याने काय बोलावं? वाद घालायचा तर थेट देवाशीच घालावा लागेल. त्यामुळे सबब टिकते, वही कोरी राहते आणि त्या कोरेपणालाही भक्तीचा रंग चढतो. मला ही सबब फार आवडते, म्हणूनच मी तिच्यासमोर घड्याळ लावून बसतो.

प्रकार साधा आहे. एक शब्द घ्यायचा, मोबाइलवर दहा मिनिटं लावायची आणि लिहायला लागायचं. थांबायचं नाही, खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. घंटा वाजली की हात उचलायचा. काही जण गटाने करतात, काही एकट्याने. इंग्रजीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचा ‘फाइव्ह मिनिट फ्रायडे’ नावाचा उपक्रम आहे, त्यात दर शुक्रवारी एक शब्द आणि पाच मिनिटं. पीटर एल्बो या लेखनशिक्षकाने 1973 साली न थांबता, न सुधारता लिहिण्याचा हा सराव नीट मांडला. त्याच्याही आधी, 1934 मध्ये, डोरोथिया ब्रँड या बाईंनी होतकरू लेखकांना बजावलं होतं की लिहिण्याची वेळ ठरवा आणि ती वेळ झाली की हातातलं सगळं सोडून लिहायला बसा. पुन्हा पुन्हा जमलं नाही तर लेखनाचा नाद सोडा, हेही त्यांनी सांगून टाकलं. असा शिक्षक आपल्याला लाभला नाही याचं कधी वाईट वाटतं, कधी बरं वाटतं.

यात ख्रिस्ती ते काय, असं कुणीही विचारील. घड्याळ काय, सगळ्यांसाठी सारखंच वाजतं. पण दिवसाचे तुकडे पाडून त्यांना घंटा बांधण्याचा उद्योग मठांनी फार पूर्वीच केला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या साधूंसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या, अंगमेहनतीच्या ठरलेल्या आणि वाचनाच्याही ठरलेल्या. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, अशी त्या प्रकरणाची सुरुवातच आहे. आठवड्याभरात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायलाच हवीत, असाही नियम आहे. आज तुला स्तोत्र म्हणावंसं वाटतंय का, असं तिथे कुणी कुणाला विचारत नसे. घंटा झाली की म्हणायचं. मन लागलं तर उत्तम. नाही लागलं तरी ओठ हलत राहतील, आणि कधीतरी मनही मागून येईल. स्तोत्राला हा हिशेब चालतो तर माझ्या लेखालाच का चालू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता प्रत्यक्ष दहा मिनिटांत काय होतं ते सांगतो. समजा शब्द आला ‘मीठ’.

पहिल्या मिनिटाला हात आपोआप लिहितो, ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा.’ अर्थात. शब्द वाचायच्या आधीच येशूचं ते वचन तयार असतं. दुसऱ्या मिनिटाला मीठ काय काय करतं याची यादी येते: चव आणतं, पदार्थ टिकवतं, जखम धुतं. तिसऱ्या मिनिटाला या तिन्हींना आध्यात्मिक अर्थ चिकटतात आणि रविवारच्या संदेशाचे तीन मुद्दे उभे राहतात. इथपर्यंत लिहिताना इतकं छान वाटतं की विचारू नका. चौथ्या मिनिटाला मात्र माल संपतो. ‘प्रभू माझ्या अंतःकरणाशी बोलला’ लिहून झालं, ‘हे माझ्यासाठी आशीर्वादाचं कारण ठरलं’ लिहून झालं, ‘त्याने मला अद्भुत रीतीने चालवलं’ हेही लिहून झालं, आणि घड्याळात अजून सहा मिनिटं शिल्लक असतात.

त्या सहा मिनिटांसाठीच हा सगळा खटाटोप. एरवी इथे मी वही मिटली असती आणि आज छान मनन झालं म्हणून उठलो असतो. पण थांबायची मुभा नाही, म्हणून हात ‘मीठ मीठ मीठ’ असं गिरवत राहतो. मग लोटाची बायको आठवते. मिठाचा खांब झालेली ही बाई, आणि शास्त्रात तिचं नावही नाही. मग बायबलमधलं लेवीय हे पुस्तक आठवतं: प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालायचंच, चुकवायचं नाही, हा करार आहे. आणि मग, कुठून कुणास ठाऊक, ओळखीतल्या एक आजी आठवतात. डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलेलं. जेवायच्या आधी त्या डोळे मिटून देवाचे आभार मानतात, आमेन म्हणतात, डोळे उघडतात आणि पहिल्यांदा बघतात ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेली मिठाची डबी. मग ताटाकडे बघतात. मग जेवतात.

घंटा वाजते. पानावर नऊ मिनिटांचा पालापाचोळा आणि एक आजी. लेख आजींचा आहे. पहिले तीन मुद्दे खोटे होते असं नाही. पण ते माझे नव्हते, ऐकून ऐकून हाताला बसलेले होते. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानाचं मोठं झालेल्या माणसाच्या तोंडी ही भाषा इतकी घोटलेली असते की विचार न करता पानभर साक्ष लिहिता येते, आणि वाचणाराही विचार न करता ‘आमेन’ म्हणतो. घाईने लिहिलं की खरं लिहिलं जातं, असा एक गोड समज या उपक्रमांच्या आसपास फिरत असतो. माझा अनुभव उलट आहे. घाईत आधी तयार मालच बाहेर पडतो. तो लवकर संपतो, एवढाच घाईचा उपकार.

म्हणून पाच मिनिटांपेक्षा मला दहा बरी वाटतात. पाच मिनिटांत मी तीन मुद्दे आटोपून विजयी मुद्रेने बाहेर पडतो. पंचवीसची पद्धतही प्रसिद्ध आहे. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला, आणि पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती हा हिशेब जगभर गेला. पंचवीस मिनिटं अभ्यासाला, भाषांतराला, तपासणीला ठीक. कोऱ्या पानापुढे मात्र ती फार लांब वाटतात, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागतो.

वेगाचा विषय निघाला की कुणीतरी संगीतकार हँडेल काढतोच. 1741 साली त्याने ‘मसीहा’ हा गायन-वादनाचा भलामोठा संगीतप्रबंध चोवीस दिवसांत लिहून संपवला. मग सांगणाऱ्याचा आवाज हलका होतो आणि पवित्र आत्मा उतरला की असं होतं, असा समारोप होतो. आत्म्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्यातल्या काही समूहगीतांच्या चाली त्याने त्याच जुलैत लिहिलेल्या स्वतःच्याच इटालियन युगुलगीतांतून उचलल्या होत्या, हेही कुणी सांगत जावं. ‘आम्हासाठी बाळ जन्मले आहे’ या वचनावरचं गाणं मुळात प्रेमातल्या तक्रारीच्या चालीवर बेतलेलं आहे. चोवीस दिवसांमागे रोज लिहिणाऱ्या माणसाचा साठा होता. आत्मा उतरला असेल, तर तो भरलेल्या कोठारात उतरला.

सुरुवात करायला घड्याळ मदत करतं, हे सगळेच सांगतात. मला मोल वाटतं ते दुसऱ्या टोकाचं. लिहिता लिहिता लय सापडते, वाक्य रंगात येतं, आणि नेमकी तेव्हाच घंटा होते. आता? नियम सांगतो, थांब. मन सांगतं, एवढं वाक्य तरी पुरं करू दे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन यांनी इजिप्तच्या साधूंच्या रीतीभाती लिहून ठेवल्या. लिहीत बसलेल्या साधूच्या दारावर प्रार्थनेसाठी टकटक झाली, की हातातलं अक्षरसुद्धा पुरं न करता तो उठतो, असं त्यांत आहे. वाक्य नाही, शब्द नाही, अक्षर. मराठीत विचार करून पाहा: ‘क’चा दांडा ओढलाय, पोट काढायचं राहिलंय, आणि उठायचं. बेनेडिक्टांच्या नियमातही हेच आहे: खूण ऐकू आली की हातात असेल ते टाकून निघायचं.

मी हे करून बघतो तेव्हा मला लेखनापेक्षा स्वतःबद्दल जास्त कळतं. न लिहिताना प्रभूची वाट पाहणारा मी, लिहायला लागल्यावर प्रभूलाही थांबवून ठेवायला तयार असतो. शेजारच्या खोलीतून हाक आली तरी ‘आलो, आलो’ म्हणत आणखी चार ओळी खरडतो. विषय बहुधा शेजारधर्माचा असतो. लेखनाची शिस्त म्हणजे बसण्याची शिस्त, असं धरून आपण चालतो. उठण्याची शिस्त कुणी शिकवत नाही. माझी एक मैत्रीण, स्वतः उत्तम लिहिणारी, यावर चिडते. तिच्या मते झरा वाहत असताना नळ बंद करणं हा कद्रूपणा आहे. तिचं म्हणणं खोडता येत नाही. पण अर्धवट सोडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी मला पानावर ओढून घेतं आणि नीट संपवलेला परिच्छेद ओढत नाही, हेही मी पाहिलं आहे. शिवाय उरलेलं उद्या मिळणारच नाही, ही भीती नक्की कशाची असते ते बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लिहिलेलं आहे. देव अरण्यात रोज देत असलेलं अन्न म्हणजे मान्ना. ज्यांनी तो सकाळपर्यंत ठेवून दिला, त्यांच्या मान्नात किडे पडले.

त्याच अध्यायात आठवड्याचं गणितही आहे आणि ते महिनाभराच्या उपक्रमांना चांगलं लागू पडतं. नोव्हेंबरात तीस दिवसांत 50,000 शब्दांची कादंबरी लिहायची, हा खेळ 1999 साली एकवीस जणांनी सुरू केला (तेव्हा जुलैत, नोव्हेंबर पुढच्या वर्षी आला) आणि पुढे लाखोंनी खेळला. तो चालवणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये दुकान आवरलं, पण नोव्हेंबर काही बंद पडलेला नाही. रोजचे शब्द होतात 1,667. रविवारी लिहायचं नाही असं ठरवलं तर नोव्हेंबरात चार रविवार असल्यास रोजचे 1,923 आणि पाच असल्यास बरोबर 2,000. की मान्नासारखं करावं, रोज एक ओमर, म्हणजे एक माप, आणि सहाव्या दिवशी दोन? म्हणजे शनिवारी 3,334 शब्द. कागदावर हे फार सुंदर दिसतं. शनिवारी संध्याकाळी तितकं सुंदर दिसत नाही. तरी रविवार मोकळा ठेवावा या मताचा मी आहे. आठवड्यातून एक दिवस आपण काहीही निर्माण केलं नाही तरी जग चालू राहतं, ही माहिती लेखकाला नियमित मिळत राहिलेली बरी. ज्यांचा रविवार उपासना, संडे स्कूल आणि मंडळीच्या बैठकांतच जातो, त्यांनी आपला विसावा दुसऱ्या कुठल्या वारी शोधावा. त्यांना तो सापडेलच असं नाही.

घड्याळाची सत्ता मी मान्य करतो ती पहिल्या खर्ड्यापुरती. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने ते ज्याला उद्देशून लिहिलं त्या थियफिलाला पहिल्या चार ओळींतच सांगून टाकलंय की आपण सगळं मुळापासून शोधून पाहिलं आणि मग क्रमाने लिहिलं. हे दहा मिनिटांचं काम नव्हे. वचनाचा संदर्भ तपासणं, ज्या आजींवर लिहितोय त्यांची परवानगी घेणं, त्यांना ओळखता येईल असं काही त्यात राहिलंय का ते पाहणं, या गोष्टी घंटेच्या धाकाने करू नयेत. उपक्रमात भाग घेणारे पुष्कळ जण खर्डा तसाच लोकांपुढे ठेवतात आणि खाली लिहितात, ‘मनातून आलं तसं.’ मनातून बरंच काही येतं.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक बारूख मला यासाठी जवळचा वाटतो. यिर्मया सांगत गेला, हा शाईने गुंडाळीवर लिहीत गेला. ती गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली गेली तेव्हा हिवाळा होता, समोर शेगडी पेटलेली होती. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळी गुंडाळी संपेपर्यंत हे चाललं. पुढे बारूखाने दुसरी गुंडाळी घेतली आणि यिर्मयाच्या तोंडून पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहून काढलं. पहिल्या गुंडाळीतलं सगळं तर तिच्यात आलंच, शिवाय तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. दुसऱ्या खेपेला त्यांना किती दिवस लागले, ते त्या अध्यायात दिलेलं नाही.