उतार कुठं गेला?

आमच्या ट्रक चालवायच्या गेमच्या नकाशाचं प्रमाण एकास वीस आहे. खऱ्या रस्त्याचे वीस किलोमीटर आमच्याकडे एका किलोमीटरमध्ये बसवायचे आणि गेमचं घड्याळही तितक्याच पटीने पळवायचं, म्हणजे ताशी साठने निघालेला ट्रक पोचायच्या वेळेलाच पोचतो. ही अक्कल आमची नाही. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आणला, त्यात हेच प्रमाण एकास एकोणीस आहे. त्यांचाच अमेरिकेचा गेम २०१६ मध्ये एकास पस्तीसवर निघाला. रस्ते फारच तोकडे वाटतात म्हणून ओरड झाली आणि तो अख्खा नकाशा त्यांना एकास वीसवर पुन्हा बांधावा लागला. ते वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. एक रस्ता लांबवायचा तर काय काय उकरावं लागतं हे मला चांगलंच माहीत आहे.

कारण ट्रक मात्र लहान होत नाही. चाळीस फुटी कंटेनर गेममध्येही चाळीस फुटीच राहतो. लेनची रुंदी, वळणाची गोलाई, टोलनाक्याची गल्ली, सगळं खऱ्या मापाचं. आखडतं ते फक्त मधलं अंतर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, आमच्याकडे तो पावणेपाचही भरत नाही. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, आमच्याकडे जेमतेम एक. म्हणून नकाशा बनवणाऱ्याचं निम्मं काम काय गाळायचं हे ठरवण्याचं असतं, आणि त्यावरूनच ऑफिसात भांडणं होतात.

ऑफिस नवी मुंबईत महापेला, एमआयडीसीत. त्या वेळी आमच्या पुढ्यात दोन कामं एकदम होती. एक, नकाशा वाढवायचा. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, म्हणजे भिवंडीजवळून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग. तो इगतपुरीपर्यंत तरी आमच्या गेममध्ये हवाच होता. दुसरं, जुना भाग ताजा करायचा. नवी मुंबई आणि ठाणे आम्ही सेतू होण्याआधी बनवलं होतं. त्या नकाशात बोरघाटात अमृतांजन पूल अजून उभा होता, खरा तर एप्रिल २०२० मध्येच सुरुंग लावून पाडला. तो ठेवावा असं आमच्यातल्या दोघांचं ठाम मत होतं, आठवण म्हणून. मी काढला. आठवणींसाठी दुसरा गेम बनवा म्हटलं.

या दोन कामांत वाढवणं सोपं. कोऱ्या जमिनीवर हवा तसा रस्ता ओढता येतो, कोणी आडवं येत नाही. जुन्या भागात प्रत्येक रस्त्याचं टोक दुसऱ्या चार रस्त्यांना बांधलेलं असतं. एक खिळा हलवला की दूर कुठेतरी उड्डाणपूल हवेत लोंबकळतो.

नव्या आवृत्तीची तारीख जवळ आली होती तेव्हाची ही गोष्ट. गेममधली इतर वाहनं कशी चालतील हे बघणारा माझा सहकारी एका सकाळी आपल्या मामांना घेऊन आला. मामा मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कळंबोलीत, गेली कित्येक वर्षं न्हावा शेवा ते भिवंडी कंटेनर ओढतात. गाडी पासिंगला उभी होती म्हणून मोकळे सापडले. आमच्याकडे चाचणीला एरवी कॉलेजची मुलं येतात. ती भिंतीला धडकून बघतात, नकाशाबाहेर पडता येतंय का बघतात. तेही लागतंच. पण खरा ट्रेलर चालवणारा माणूस त्या खुर्चीत बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

नऊशे अंश फिरणारं स्टिअरिंग, पायात तीन पेडल, बाजूला गिअरचा दांडा. मामांनी आधी चपला काढल्या. मग आरसे मागितले. स्क्रीनवरचे आरसे त्यांच्या मनासारखे वळवायला इतका वेळ गेला की मी चहा सांगून आले. स्टिअरिंग हातात घेऊन म्हणाले, “हे फारच हलकं हाय, ताई. भरलेली गाडी अशी वळत न्हाय.” आणि लगेच, “डाव्या अंगाला किन्नर कोण?” किन्नर म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. भाचा म्हणाला, “मीच.” पुढचा सगळा वेळ तो खरंच डावीकडे उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या” करत होता.

आम्हाला त्यांच्याकडून सेतू बघून घ्यायचा होता. जाहिरातीची चित्रफीत त्याच्यावरच बेतलेली: पहाट, खाडी, ट्रक. मामांनी काम निवडायच्या यादीत न्हावा शेवा ते भिवंडी यावरच बोट ठेवलं. मी म्हटलं, “मामा, शिवडीचं घ्या ना, नवा पूल बघाल.” ते म्हणाले, “भिवंडीचा माल शिवडीला नेऊन काय करू?” हा प्रश्न आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. तरी आग्रहाखातर एकदा शिवडीला जाऊन आले. सेतू मिनिटभरात संपला, ते काही बोलले नाहीत. फक्त उतरताना बंदराकडच्या फाट्याला वळले. जड गाड्यांना पुढे ईस्टर्न फ्रीवेवर सोडत नाहीत, हे त्यांना पाटी न वाचता ठाऊक. आमचा दिशादर्शक त्यांना सरळ फ्रीवेवर जायला सांगत होता. भाच्याने मान खाली घालून वहीत टिपलं.

मग त्यांची नेहमीची वाट. करळ फाटा, गव्हाण फाटा, कळंबोली, तळोजा. इथवर सगळं सुरळीत. कल्याण फाट्याच्या अलीकडे त्यांनी डावा इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मला वाटलं गेम अडकला. म्हटलं, “काय झालं?”

“किती वाजलेत बघा की.”

गेमच्या घड्याळात सकाळचे साडेआठ.

“आत्ता पुढं सोडत न्हाईत. नो एन्ट्री. दुपारी बघू.”

ठाण्यात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, हे ऐरोलीला राहणाऱ्या मला काय माहीत नाही? त्या बंदीवर मी स्वतः खूश असते. पण बंदी सुटेपर्यंत ते ट्रक कुठे असतात, हा विचार रस्ता बनवतानाही मनाला शिवला नव्हता. आमच्या नकाशात तिथे कडेला जागाच नव्हती, जेमतेम पांढरी पट्टी. मामांचा ट्रेलर अर्धा लेनमध्ये राहिला. आमच्या संगणकी गाड्यांना उभ्या वाहनाला वळसा घालता येत नाही, त्या शिस्तीत मागे थांबत गेल्या. एक, दोन, मग टँकर, मग एसटी. भाच्याने वरून दिसणारा कॅमेरा लावला तर रांग तळोजापर्यंत गेलेली. सगळं ऑफिस स्क्रीनपाशी जमलं. कोणीतरी म्हणालं, “अरे, हे तर हुबेहूब आहे!” वर्षभर खपून आम्हाला जमला नव्हता इतका अस्सल ट्रॅफिक जाम मामांनी एका हँडब्रेकमध्ये करून दाखवला.

आमच्या चमूच्या प्रमुखांना, लीडना, मात्र हसू आलं नाही. “लोक दिवसभर राबून घरी येणार, आणि इथे पैसे देऊन रस्त्याच्या कडेला थांबणार?” त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण हा गेम खेळणारी मंडळी निराळीच असते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ऐंशीची मर्यादा पाळत तासभर सरळ जाण्यात त्यांना समाधान वाटतं, इंडिकेटर न देता वळलं तर स्वतःचाच राग येतो. तशात आमचं घड्याळ वीस पटीने पळतं, तीन तासांची बंदी नऊ मिनिटांत उठते. तेवढ्यात चहा होतो.

मामांना मी विचारलं, थांबायला जागा कशी लागते? त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. पाणी हवं. सावली हवी. गाडी निघताना मागं न घेता सरळ काढता यावी. आणि आजूबाजूला आपल्यासारख्याच गाड्या हव्यात, एकट्या गाडीचं डिझेल रात्रीत जातं. मग स्क्रीनवर बोट ठेवून कळंबोलीपासून भिवंडीपर्यंत अशा जागा दाखवत गेले. आम्ही जिथे शोभेची झाडं लावली होती, तिथे बहुतेक.

तोवर भाच्याने घड्याळ दुपारवर नेलं. मामा निघाले, शिळफाटा ओलांडला, मुंब्रा बायपासला लागले आणि एकदम तिसऱ्या गिअरवर आले. ट्रक रांगायला लागला. मामा समोर बघतात, पायाकडे बघतात, पुन्हा समोर.

“ताई, उतार कुठं गेला?”

पारसिकच्या डोंगराच्या कुशीतून तो रस्ता रेतीबंदरकडे उतरतो. भरलेली गाडी तिथे उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरवर घ्यावी लागते. उतारावर वेग आल्यावर गिअर बदलायला गेलं आणि तो पडला नाही, की सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. मामांच्या हातांनी ते आपसूक केलं होतं. रस्ता मात्र सपाट. सहा-सात किलोमीटरचा बायपास आम्ही तीनशे मीटरमध्ये गुंडाळला होता, एक वळण, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली मुंब्र्याच्या इमारती. दिसायला छान.

तो सपाट असण्याला कारण होतं. अंतर वीसपट कमी केलं आणि उंची तशीच ठेवली तर रस्ता भिंतीसारखा उभा राहतो. पाच टक्क्यांचा चढ म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. तीनशे मीटरमध्ये पंधरा मीटर मिळतात, तेवढा उतार ट्रकला समजायच्या आत संपतो. घाटात आम्ही यावर एक युक्ती करतो. रस्ता फारसा चढवत नाही, कडेची दरी खोल खणतो, म्हणजे खेळणाऱ्याला आपण उंचावर आलोय असं वाटतं. खंडाळ्यात ते खपतं. मुंब्र्याला खपत नाही, कारण खाली खाडी आहे. आमच्या गेममध्ये समुद्राचं पाणी म्हणजे एकच सपाट पत्रा, न्हावा शेव्यापासून रेतीबंदरपर्यंत एकाच पातळीवर. मुंब्रा खणायला गेलं की ते बुडतं.

राहिला एकच मार्ग, शिळफाटा उचलायचा. बायपास तीनशेवरून सातशे मीटर केला, तेव्हा पस्तीस मीटर उतार हाताशी आला. पण शिळफाटा पस्तीस मीटर वर गेला म्हणजे तळोजाकडून येणारा रस्ता हळूहळू चढवायला हवा, कोणाच्या लक्षात न येता. महापेकडून येणाऱ्या रस्त्याला खरोखरच डोंगरातून चढण आहे, ती आम्ही पूर्वी खाऊन टाकली होती, आता आयती कामाला आली. आणि वाढवलेले चारशे मीटर कुठून आणायचे? ठाणे-बेलापूर रस्त्यातून. घणसोली आणि रबाळे एकाच चौकात आले. आमच्याच चमूत घणसोलीचे दोघे आहेत, ते अजून टोमणे मारतात.

हे सगळं त्या दिवशी दुपारपासून सुरू झालं ते प्रकाशनाच्या तारखेला ढकलूनच थांबलं. लीडनी ती ढकलली, तेही मामांनी नवा उतार घरून फोनवरच्या चित्रफितीत बघून “आता गिअर लागतोय” म्हटल्यावर.

निघण्याआधी मामांनी नवा समृद्धीचा तुकडाही चालवला. इगतपुरीचा बोगदा खरा जवळजवळ आठ किलोमीटरचा, आमच्याकडे चारशे मीटर, ऐंशीच्या वेगात अठरा सेकंद. “संपला पण?” म्हणाले. तो आम्ही नंतर दुप्पट केला. डोंगराच्या आत बाकी काही नसतं, तिथे लांबी फुकट मिळते. मी विचारलं, नाशिकला जाताना तुम्ही कुठून जाल, कसाऱ्यावरून की समृद्धीवरून? ते म्हणाले, “टोल मालक देणार असंल तर वरनं. माझ्या खिशातनं जाणार असंल तर कसारा हायच.” आमचा दिशादर्शक फक्त कमी वेळाचा रस्ता दाखवायचा. आता भाडं घेतानाच टोल कोणाकडे ते लिहून येतं, आणि बरेच खेळाडू आपणहून जुना घाट धरतात.

जुन्या भागाची उलथापालथ झाली की एक कटकट हमखास होते. कोणीतरी बायपासवर मधेच गेम जतन करून झोपलेला असतो आणि नव्या नकाशात त्या जागी रस्ताच नसतो. अशा ट्रकला आम्ही उचलून जवळच्या गॅरेजात ठेवतो आणि चालू काम रद्द करतो. आवृत्ती आली त्या रात्री एका खेळाडूचा रागाचा निरोप आला. भिवंडीला पोचायला दहा मिनिटं राहिली होती, सकाळी उठून बघतो तर ट्रक कळंबोलीत आणि कंटेनर गायब. भाडं कोण देणार? भाच्याने तो मामांना वाचून दाखवला. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “कळंबोलीपर्यंत उचलून नेली? मग क्रेनचे पैसे किती लावले?”