जळगावच्या उन्हाळ्यात क्राफ्ट बिअर चाखणं : माझा अनुभव

क्राफ्ट बिअरवर, म्हणजे छोट्या ब्रुअरींत थोड्या प्रमाणात बनणाऱ्या बिअरवर, मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईकडचं. २००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून देणारं ठिकाण) सुरू झाली, तेव्हापासून तिकडच्या लोकांना टाकीतून थेट ग्लासात आलेली बिअर ओळखीची आहे. आम्हा जळगावकरांच्या हातात येते ती बाटली नाहीतर कॅन. ती बाटली वाटेत कुठे कुठे उभी होती, यावरच निम्मं परीक्षण ठरतं. याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

परवाना ऑनलाइन झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि परवाना लागतो, तेवढं पाळा. चाखायची यादीही लगेच ठरली: हेफेवायझेन (गव्हाची जर्मन बिअर), बेल्जियन विट (तीही गव्हाचीच), आयपीए (चांगली कडू बिअर) आणि स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर). गुण द्यायला बीजेसीपी या अमेरिकेतल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेचा तक्ता घेतला. त्यात ५० पैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. वासाला दिसण्याच्या चौपट गुण आहेत, आणि ते बरोबरच आहे.

गाडी अडली ती दुकानात.

आमच्या भागातलं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. फ्रिज दोन, दोन्ही नेहमीच्या स्ट्राँग बिअरने भरलेले, कारण खप तिचा. क्राफ्टच्या बाटल्या दिसायला सुंदर, म्हणून त्या पुढच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या. मे महिना, पारा ४४-४५ वर, आणि दुपारी तीननंतर ऊन थेट त्या कपाटावर. मी हेफेवायझेनची बाटली उचलली तर ती हाताला चक्क गरम लागली. लेबलचा निळा रंग एका बाजूने उडालेला, बुचाच्या कडेला बारीक गंज. तारीख मोबाइलच्या उजेडात वाचली, दिवाळीच्याही आधीची निघाली.

मालक मूळचे अमळनेरकडचे, वयाने मोठे. मी त्यांना आबा म्हणतो.

"आबा, ही फ्रिजमधली द्या ना."

"फ्रिजमा जागा नही भाऊ. घरी जाईसन थंडी कर."

"पण ही उन्हात खराब होते."

"काही व्हत नही तिले. बियर शे ती, दूध नही!"

या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आबांवर नाही, त्या समजुतीवर. दारू म्हणजे टिकणारच, असं सगळेच धरून चालतात. व्हिस्की टिकते. बिअरमध्ये अल्कोहोल साधारण पाच टक्के, बाकी बहुतेक पाणी आणि धान्याचा अंश. उष्णतेने तिच्यातला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) ताजा वास आधी उडतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उजेडाचं वेगळंच. हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक प्रकाशाने तुटतो आणि जळक्या रबरासारखा उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी फार कमी, आणि पांढरी तर जवळजवळ काहीच अडवत नाही. कॅनला ही भीती नाही, म्हणून आपल्याकडे कॅन मिळाला तर कॅनच घ्या.

मी ताज्या मालाची वाट बघायचं ठरवलं. गुरुवारी गाडी येते म्हणाले. गुरुवारी गेलो तर "पुढच्या गुरुवारी". पुढच्या गुरुवारी खोकं आलं, पण मागच्या गोदामात उतरवलं, आणि गोदामावर पत्रा! जळगावात मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी तिथेच उभा राहून खोकं फोडायला लावलं, लागणाऱ्या बाटल्या घेतल्या, बर्फाच्या डब्यात घातल्या आणि घरी आणल्या. सोबत कपाटातली ती जुनी हेफेवायझेनही पूर्ण पैसे देऊन घेतली.

रात्री दुकान बंद करून आबांना घरी बोलावलं. ते स्वतः घेत नाहीत, त्यामुळे फक्त वास घ्यायचा असं ठरलं. एकाच कंपनीची, एकाच प्रकारची बिअर दोन सारख्या ग्लासांत ओतली. ताज्या ग्लासावर दोन बोटं दाट फेस आणि पिकलेल्या केळीचा सरळ वास. हेफेवायझेनचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन बनवतं, आणि पिकल्या केळीच्या वासातही तेच असतं. शिवाय मागून लवंगेची झाक. रावेर-यावलच्या बागा पाहिलेल्या माणसाला ही बिअर समजवावी लागत नाही. आबांनी एकदा हुंगून मान डोलावली, "केळी!" मग दुसऱ्या ग्लासाला नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"हाई खराब व्हयनी."

त्यानंतर एका फ्रिजचा खालचा कप्पा क्राफ्टसाठी मोकळा झाला. मला मनापासून अभिमान वाटतो त्याचा. गाडी आली की आबांचा फोनही येतो.

चाखण्याबद्दल आता. सौम्य बिअरपासून सुरुवात करा, आयपीए आणि स्टाउट शेवटी. कडू आयपीएनंतर विट प्यायलात तर पाणी प्यायल्यासारखं वाटेल. थोडी थोडीच ओता, कारण आपल्या खोलीत ग्लास बघता बघता कोमट होतो. गव्हाची बिअर सात-आठ अंशांना छान, स्टाउट मात्र बारा अंशांच्या आसपास, फार गार केली तर भाजलेल्या धान्याचा, कॉफीचा वास उघडतच नाही. ग्लास साबणाने घासला असेल तर भरपूर पाण्याने खळबळून घ्या, चिकटपणा राहिला की फेस बसतो. आणि हो, त्याआधी शेवभाजी खाऊ नका. भरीतही नको. हिरव्या मिरचीने जीभ पेटलेली असताना आयपीएचा कडवटपणा नुसता टोचतो, त्यात बिअरचा दोष नसतो. मध्ये साधे मुरमुरे आणि पाणी पुरे. परीक्षण लिहून झालं की मग भरीत-भाकरी काढा, सोबत विट घ्या. संत्र्याची साल आणि धण्याचा तिचा वास भरताच्या धुराशी फार छान जमतो.

हेफेवायझेन ओतताना शेवटचा भाग बाटलीत ठेवून ती हलकेच फिरवा, तळाचं यीस्ट सुटतं, मग ओता. गढूळ दिसते म्हणून गुण कापू नका, ती तशीच असते.

परीक्षणात मी आता पहिल्या ओळीत तारीख लिहितो: कधी बनली, कधी घेतली, फ्रिजमधली की कपाटातली. बिघडलेली निघाली तर गुण देतच नाही, पुढच्या गाडीची घेतो. आयपीए तर मार्च ते जून मागवतच नाही, ती ऑक्टोबर हीट सरल्यावर.