माझ्या नोंदीतली पेनिसिलिनची अॅलर्जी

अमेरिकेत डॉक्टरांना भेटून घरी पोहोचावे, तोवर त्या भेटीची टिपणे बहुधा फोनवर आलेली असतात. इलेक्ट्रॉनिक नोंदींतली माहिती रुग्णापासून अडवून ठेवण्यास मनाई करणारे नियम एप्रिल 2021 मध्ये लागू झाले, तेव्हापासून तपासण्यांच्या अहवालांबरोबर डॉक्टरांनी लिहिलेला मजकूरही आपल्याला वाचता येतो. तो मी वाचत नसे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

घशाच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी नेहमीचे औषध टाळून दुसरेच अँटिबायोटिक दिले, तेव्हा रात्री मी पहिल्यांदा पोर्टल, म्हणजे रुग्णाला आपल्या नोंदी ऑनलाइन दाखवणारे संकेतस्थळ, नीट उघडले. अॅलर्जीच्या रकान्यात लिहिले होते: पेनिसिलिन. जुन्या भेटी मागे मागे चाळत गेल्यावर उगम सापडला. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच गटातले औषध घेतल्यावर मळमळले होते, असे मी चार वर्षांपूर्वी एका नर्सला सांगितले होते. मळमळ हा दुष्परिणाम, अॅलर्जी नव्हे. पण तेव्हा भरलेली ती ओळ पुढच्या प्रत्येक टिपणात जशीच्या तशी उतरत गेली आणि कोणीही मला त्याबद्दल पुन्हा विचारले नाही. वेळेअभावी मागचा मजकूर पुढे चिकटवण्याची सवय इथे सर्रास आहे, आणि संगणकीय नोंदींचा हाच दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

‘हिपा’ या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेविषयीच्या अमेरिकी कायद्याने रुग्णाला नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला आहे. अशा अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यावा लागतो, फार तर 30 दिवस वाढवून मिळतात, आणि नकार आलाच तर आपली असहमती लेखी देता येते. माझ्या संदेशाला आधी ‘पुढच्या भेटीत पाहू’ असे उत्तर आले, म्हणून मी रीतसर अर्ज केला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, पुरळ, सूज, श्वासाचा त्रास यांबद्दल एकेक करून विचारले आणि माझ्यासमोरच ती नोंद काढून टाकली.



आता प्रत्येक भेटीनंतर मी अॅलर्जी, औषधे आणि पूर्वीचे आजार हे तीन रकाने तपासते. परवाच्या नोंदीत कधीच बंद केलेली एक गोळी ‘चालू’ म्हणून दिसली. आज सकाळी तिच्याबद्दल कळवले आहे.