हुमणी नव्हतीच

नागपूरच्या बेसा भागातल्या त्या बंगल्याचं लॉन ८०० चौरस फुटांचं. जूनअखेरीस दोन चांगले पाऊस होऊन गेले होते, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रान माजलं होतं, आणि इथे पिवळे चट्टे. "हुमणी लागली जी, दोनदा दवा टाकली," काकांनी फाटकातच सांगितलं. हुमणी म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. संशय अगदी अनाठायी नव्हता. कडेचं गवत ओढलं की सतरंजीसारखं सलग उचललं जात होतं, आणि हुमणीने मुळं कुरतडली की असंच होतं. पण तिने खाल्लेल्या गवताला मुळं उरत नाहीत. इथली मुळं पांढरी, धडधाकट होती. फक्त दीड इंचावर सगळी आडवी वळलेली. फूटभराचा चौकोन कापला, एकही अळी नाही.

मग सब्बल मारली. वर दीड इंच लाल माती, तयार लॉनच्या तुकड्यांसोबत आलेली. तिच्याखाली प्लास्टरचा चुरा, सिमेंटचे पापुद्रे आणि बांधकामाच्या गाड्यांनी दाबलेली काळी माती. लाल थरातलं पाणी खाली उतरत नाही, म्हणून पावसात मुळं गुदमरतात. मेमध्ये तोच पातळ थर झटकन वाळतो. काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात सिमेंटची भर, मग लोह असूनही गवताला मिळत नाही आणि ते पिवळं पडतं. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारलं तर काही दिवस हिरवं दिसतं, पण ती रंगरंगोटीच.

माळीदादांनी कन्हान नदीची रेती आणून ठेवली होती. काळ्या मातीत थोडीशी रेती कालवली की ती मोकळी होत नाही, उलट आणखी घट्ट बसते. फरक पडायला निम्म्याहून जास्त रेती लागते. तेव्हा रेती बाजूला ठेवून आम्ही कंपोस्ट मागवलं: २ इंचांच्या थराला १३३ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासच्या थोडं वर. अर्धकच्चं शेणखत मात्र नको. त्यातून तणाचं बी येतं, आणि मग हुमणी खरंच येते.

गवत सोलून सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवलं. मलबा उचलला. खोदायला वाफसा येईपर्यंत थांबलो. मुठीत दाबलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला पाहिजे, चिकटून राहिला तर थांबायचं, नाहीतर ढेकळंच ढेकळं. ८ इंच खोदून कंपोस्ट मिसळलं, लव्हाळा या तणाच्या मातीतल्या गाठी हाताने वेचल्या (वरून उपटला तर तो दुप्पट येतो), आणि घरापासून बाहेरच्या दिशेने १०० फुटांना १ फूट असा उतार दिला. मग जुन्याच गवताचे ठोंब ४-४ इंचांवर, दोन पेरं मातीत जातील असे लावले आणि हलका रोलर फिरवला.

पावसाळ्यात असं लॉन दीड-दोन महिन्यांत भरतं. पहिली कापणी गवत ३ इंच झालं की, तीही वरचा तिसरा हिस्साच. त्यानंतर ७०० ग्रॅम युरिया, कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी. माळीदादांची रेती पुढे खड्डे बुजवायला कामी येईल: कंपोस्ट आणि चाळलेल्या मातीत मिसळून, एका वेळी पाव इंचापेक्षा जाड नाही.

आंब्याखालचा कोपरा आम्ही लावलाच नाही. हे गवत पाच-सहा तास उन्हाशिवाय टिकत नाही. तिथे फरशीचे तुकडे टाकून खुर्च्या मांडा म्हणालो. काकू लगेच तयार झाल्या, काकांना थोडा वेळ लागला.